सही नसलेल्या लाँगरायफलचा कारागीर बनावटीवरून कसा ओळखावा

प्रश्न असा आला आहे: पेनसिल्वेनियातल्या एका जुन्या घराच्या सामानात चकमकीची लांब रायफल मिळाली. दस्ता पट्टेदार मॅपलचा, उजव्या बाजूला चार तुकड्यांचा पितळी पॅचबॉक्स (गोळीभोवतीच्या कापडी चकत्या ठेवायची झाकणाची डबी), डाव्या बाजूला गालपट्टीमागे, म्हणजे गाल टेकायच्या उंचवट्यामागे, उठावाचे कोरीवकाम. नळीवर सही नाही, लॉकवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रावर, मात्र ‘केटलंड’ असे नाव आहे. नुसत्या बनावटीवरून ही कोणी केली ते सांगता येईल का?

परगणा बहुतेक वेळा सांगता येतो, घराणे पुष्कळदा सांगता येते, माणूस क्वचित. घराणे म्हणजे एका परिसरातले उस्ताद, त्यांचे शिकाऊ आणि शेजारी यांच्या हातातली सामायिक वळणे. हा क्रम उलटा करू नये. आधी एखादे मोठे नाव मनात धरून बंदूक बघायला बसलात, तर त्या नावाला पोषक असे काहीतरी प्रत्येक बंदुकीत दिसतेच.

पण कशालाही हात लावण्यापूर्वी बंदूक भरलेली नाही ना, ते बघा. अशा बंदुका दोन-दोनशे वर्षे भरलेल्या अवस्थेत भिंतीवर राहिलेल्या असतात आणि काळी दारू कोरडी राहिली तर आजही पेट घेते. घोडा, म्हणजे लॉकवरचा चकमक धरणारा हातोडा, खाली असू द्या. सरळ लाकडी काठी नळीत हलकेच बुडापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलने खूण करा. मग काठी बाहेर काढून नळीच्या बाजूला धरा, खूण तोंडाशी जुळवा. काठीचे दुसरे टोक कानापर्यंत, म्हणजे बत्तीच्या भोकापर्यंत, पोहोचले पाहिजे. दीड-दोन इंच अलीकडे थांबले तर आत बार आहे असे समजा आणि ती जाणकाराकडून रिकामी करून घ्या. यासाठी बंदुकीचा मूळ गज, म्हणजे बार ठासायची काठी, वापरू नका, तो ठिसूळ झालेला असतो.

आता त्या ‘केटलंड’बद्दल. केटलंड हे बर्मिंगहॅमचे व्यापारी. त्यांची लॉक अमेरिकेत हार्डवेअरच्या दुकानांत पोत्यांनी विकली जात. लॉक घडवायला वेळ फार लागतो आणि आयात केलेले स्वस्त पडे, म्हणून पेनसिल्वेनियाचा कारागीर बहुधा ते विकत घेई. त्यामुळे लॉकवरच्या नावावरून काळाचा अंदाज येतो, दस्ता घडवणाऱ्याचा नाही. पुढे टोपीच्या, म्हणजे चकमकीऐवजी स्फोटक टोपीवर घोडा आपटून बार उडवण्याच्या (पर्कशन) काळात ‘गोल्चर’ हे नावही लॉकवर असेच सर्रास दिसते. याला एक ठळक अपवाद म्हणजे बेडफर्ड परगणा. तिथल्या कारागिरांनी लांबट, अरुंद पट्टीची लॉक स्वतः घडवली. त्यांच्या घोड्याची हंसासारखी मान एकदा पाहिली की विसरत नाही.

नळीवरच्या सहीचाही असाच विचार करावा. नळी लोखंडी पट्टी तापवून, गाभ्याभोवती गुंडाळून, घणाने जोडून बनवत. मग पाण्यावर चालणाऱ्या कारखान्यात ती आतून कोरून घेत. बर्क्स परगण्यात वायोमिसिंग ओढ्याकाठी असे कारखाने होते. कारागीर तयार नळी आणून तिच्यावर आपला दस्ता चढवू शकत असे, जुनी नळीही पुन्हा वापरत असे. डॉइल्सटाउनच्या मर्सर संग्रहालयातली एडवर्ड मार्शलची रायफल याचे चांगले उदाहरण आहे. तिच्या नळीवर रोथेनबेर्ग असे जर्मन नाव आहे, पण दस्त्याचे काम अमेरिकन असून जाणकार ते पेनसिल्वेनियातल्या क्रिश्चन्स स्प्रिंग या मोरेव्हियन पंथाच्या (एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ) वसाहतीतल्या कार्यशाळेशी जोडतात. म्हणजे नळी, लॉक आणि दस्ता या तीन गोष्टी तीन ठिकाणच्या असू शकतात. ‘ही कोणी केली’ या प्रश्नात आपण खरे तर दस्ता कोणी घडवला आणि पितळकाम कोणी बसवले, एवढेच विचारत असतो.

कारागिराची सही असलीच तर ती नळीच्या वरच्या सपाट पैलूवर, मागची साइट आणि बूड यांच्या मध्ये असते. मनगटाच्या, म्हणजे दस्त्याच्या मुठीत धरायच्या बारीक भागाच्या, वरच्या चांदीच्या चकतीवरची अक्षरे बहुधा मालकाची असतात. नळीवर अंधूक अक्षरे दिसलीच तर भिंगाने त्यांचा तळ बघा. जुन्या कोरणीच्या रेषेत गंजाचे खड्डे रेषेच्या आत उतरलेले असतात आणि कडा बोथट झालेल्या असतात. नंतर घातलेल्या सहीची रेषा आधीच असलेल्या खड्ड्याला कापून जाते आणि तिची कड बोटाला लागते. नामांकित सहीने किंमत अनेक पटींनी वाढते, म्हणून ही तपासणी टाळू नका.

ओळखीची खरी सुरुवात बाजूच्या आकृतीपासून करावी. बंदूक भिंतीला समांतर ठेवा, कॅमेरा दस्त्याच्या मध्याच्या उंचीवर आणि निदान दहा-बारा फूट लांब ठेवून झूम करा. जवळून घेतलेल्या फोटोत दस्त्याचा बाक खोटा दिसतो. फोटो कागदावर छापून दस्त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला पट्टी लावा. पेनसिल्वेनियातल्या लँकेस्टर परगण्याच्या कामात या दोन्ही कडा जवळजवळ सरळ असतात आणि दस्ता लांबट त्रिकोण दिसतो. लीहाय खोऱ्यात, म्हणजे ॲलनटाउनच्या आसपास, वरची कड कमानीसारखी फुगते आणि खालची कडही हलकी वळते. संग्राहक याला ‘रोमन नाक’ म्हणतात. बर्क्स परगण्यातल्या रीडिंगच्या कामातही असा बाक येतो, म्हणून नुसत्या बाकावरून लीहाय म्हणू नये. लीहायची दुसरी खूण दस्त्याच्या पुढच्या दांड्याच्या खालच्या अंगाला सापडते. तिथे ओळखीच्या ठरलेल्या रेषांत माणसाचे डोके कोरलेले असते, त्याला ‘इंडियन हेड’ म्हणतात. हरमन रुप, जॉन रुप, पीटर नायहार्ट, जॉन मोल आणि पुढे फिलाडेल्फियाला गेलेला जेकब कुंत्झ ही या घराण्याची नावे. दक्षिणेकडे, नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीच्या डोंगरात, पितळेऐवजी लोखंडी सामान आणि लांब अरुंद केळ्याच्या आकाराचा पॅचबॉक्स, किंवा पॅचबॉक्सऐवजी चरबीसाठी नुसते एक गोल भोक दिसते.

त्याच फोटोवर मापे लिहून ठेवा: बटप्लेटची (दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या टोकावरच्या धातूच्या पट्टीची) उंची आणि रुंदी, मनगटाची सर्वांत बारीक जागी उंची आणि जाडी, चापापासून बटप्लेटच्या मध्यापर्यंतचे अंतर, नळीची बुडाशी, मध्यावर आणि तोंडाशी रुंदी, गजाच्या प्रत्येक नळकांडीचे तोंडापासूनचे अंतर. काळ ठरवायला यातली बटप्लेटची रुंदी सर्वांत उपयोगी. १७७५ पूर्वीच्या बंदुकीत ती सुमारे २ इंच किंवा जास्त असते आणि प्लेट जवळजवळ सपाट असते, कारण मूळ जर्मन येगर रायफलचा जाड दस्ता अजून अंगात असतो. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धानंतरच्या, संग्राहक ज्याला सुवर्णकाळ म्हणतात त्या काळात ती दीड ते पावणेदोन इंचांवर येते. १८२५ नंतर सव्वा इंचाच्या आसपास आणि चंद्रकोरीसारखी खोल. याच काळात नळीचाही आकार बदलतो. जुनी नळी बुडाशी जाड, मध्ये बारीक आणि तोंडाशी पुन्हा किंचित फुगलेली असते. पुढे ती सरळसोट होते आणि गोळीचा व्यास पन्नास कॅलिबरच्या, म्हणजे अर्ध्या इंचाच्या, आसपासून चाळिशीकडे आणि त्याखाली उतरतो. तुमच्या बंदुकीत चार तुकड्यांचा पॅचबॉक्स आणि उठावाचे कोरीवकाम दोन्ही आहेत. तेव्हा मापे जुळली तर ती साधारण १७८५ ते १८२० मध्ये बसेल. त्याआधी पॅचबॉक्सला सरकते लाकडी झाकण किंवा साधे दोन तुकड्यांचे पितळी झाकण असणे जास्त संभवते.

पॅचबॉक्सकडे सगळ्यांचे लक्ष आधी जाते आणि तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. वरच्या टोकाचे फूल, पक्षी किंवा घोड्याचे डोके हे घराण्याचे निशाण असते, माणसाचे नव्हे. डेझीचे फूल म्हणजे लँकेस्टर, हे ठीक. पण डेझी म्हणजे जेकब डिकर्ट, हे चूक. डिकर्ट (१७४०–१८२२) हा लँकेस्टरचा मोठा कारागीर होता, त्याच्या हाताखाली आणि आसपास बरेच लोक काम करत, आणि डेझी त्यातल्या अनेकांनी वापरली. घोड्याचे डोके म्हटले की मेरीलँडमधल्या एमिट्सबर्गचा जॉन आर्मस्ट्राँग आठवतो, पक्षी म्हटला की पेनसिल्वेनियातल्या लेबननजवळच्या ॲनव्हिलचा निकोलस बायर. तरी टोकाचा आकार कागदावर गिरवून कोणालाही नेता येतो, आणि तेव्हाही लोक नेत असत.

त्यापेक्षा झाकण उघडा आणि आत बघा. झाकण सोडणारा खटका कुठे आहे? बटप्लेटच्या वरच्या भागात दाबायची कळ आहे, बाजूच्या पट्टीत आहे, की खालच्या पट्टीत? आतली पोलादी स्प्रिंग कशी वाकवली आहे, एका स्क्रूने धरली आहे की नुसती फटीत खोचली आहे? बिजागरीच्या पितळी पत्र्याला किती वेटोळी आहेत आणि पत्रा मागे दुमडून रिव्हेट मारले आहेत की डाग दिला आहे? डबी कोरताना किती भोके पाडली, त्यांचे गोल तळ तसेच ठेवले की पटाशीने साफ केले? गिऱ्हाईक हे बघत नव्हते, म्हणून इथे कारागीर सवयीने काम करी. शिकाऊ असताना जसे शिकला तसेच आयुष्यभर. दोन बंदुकांची फुले वेगळी पण खटका, स्प्रिंग आणि डबीचा तळ सारखा, अशी जोडी मिळाली तर मी ती एकाच कार्यशाळेची मानण्याकडे झुकतो. उलट फूल सारखे आणि आतले सगळे वेगळे असेल तर नाही.

ट्रिगर गार्ड, बटप्लेट आणि लॉकच्या विरुद्ध बाजूची पट्टी ही वाळूच्या साच्यात ओतलेल्या पितळेची असतात. कारागिराचा फर्मा एकच असतो, म्हणून एका दुकानातले गार्ड एकमेकांशी तंतोतंत जुळतात: चापाभोवतीच्या धनुष्यासारख्या कमानीची रुंदी, मागच्या आकड्याचे वळण, पैलू कुठे सुरू होतो आणि कुठे विरतो. इथे एक हिशेब कामाला येतो. पितळ थंड होताना सुमारे दीड टक्का आक्रसते. मूळ गार्डवरच साचा घेऊन नवा ओतला तर ८ इंचांच्या लांबीत जवळजवळ एक अष्टमांश इंच कमी भरते. आकार हुबेहूब पण सगळी मापे त्याच प्रमाणात लहान, असा गार्ड दिसला तर तो नंतरची नक्कल असण्याचा संशय घ्या. मात्र त्या काळातला शिष्यही उस्तादाच्या गार्डवरूनच आपला साचा घेऊ शकत होता, म्हणून धातूचा पोत आणि कानशीच्या खुणाही बघाव्या लागतात. लाकडात बसणाऱ्या आतल्या बाजूला जुन्या कामात वाळूचा खरबरीतपणा आणि कानशीचे दोन-चार ओबडधोबड हात तसेच राहिलेले असतात.

आता कोरीवकाम. माणसाचा हात ओळखायचा तर मुख्यतः इथेच, म्हणून यावर घाई करू नका. खोलीतला दिवा बंद करा, एक टॉर्च दस्त्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि तिरप्या उजेडात गालपट्टीमागचा भाग चारही दिशांनी बघा. मग लॉकभोवतीचा सपाट भाग आणि त्याचे मागचे टोक, मग टँगच्या, म्हणजे बुडामागच्या लोखंडी शेपटीच्या भोवतीचे काम, मग गज जिथे लाकडात शिरतो ती जागा. या चार जागा एकाच हाताच्या असल्या पाहिजेत.

नक्षीचा आराखडा तेव्हाच्या रोकोको वळणाचा, सी आणि एस आकाराच्या वेलबुट्टीचा, आणि तो सगळ्यांचाच आहे. म्हणून आराखड्यापेक्षा रेषा कशी कापली ते बघायचे. कारागिराकडे ठराविक बाकाच्या मोजक्या गोल पटाश्या असत. वेलीची बाह्यरेषा तो पटाशी उभी दाबून, पुढे सरकवून, पुन्हा दाबून घेई. भिंगाखाली हे टप्पे दिसतात. वळण किती ठोक्यांत पूर्ण होते आणि प्रत्येक ठोक्याचा बाक किती, हे मेणाच्या कागदावर घासून उतरवून घेता येते. दोन बंदुकांवरच्या वेली वेगवेगळ्या आकाराच्या असल्या तरी ठोक्यांचे बाक जुळले तर ती हत्यारांची एकच पेटी असण्याची शक्यता वाढते. पुढे बघा: वेल गुंडाळून गाठीशी कशी संपते, टिंबात की टोकात? पानाच्या शिरा एका झटक्यात ओढल्या आहेत की दोन बाजूंनी कापून व्हीसारख्या केल्या आहेत? उठावाच्या कडा सरळ उभ्या आहेत, खाली आत कापल्या आहेत की गोलवल्या आहेत? मागची जमीन सपाट केली आहे, की पटाशीच्या उथळ लाटा दिसतात, की बारीक टिंबांनी भरली आहे? नवखा कारागीर वेलीचे मुख्य भाग नीट करतो पण दोन वेलींच्या मधला अरुंद कोपरा साफ करू शकत नाही. तिथे धागे राहतात किंवा पटाशी खोल जाते. मुरलेला हात त्या कोपऱ्यात सर्वांत स्वच्छ असतो.

इथेच सर्वांत मोठी फसवणूकही होते. साध्या, खरोखर जुन्या बंदुकीवर नवे कोरीवकाम करून ती ‘सुधारली’ जाते. ती पकडायची रीत सोपी आहे. उठावाचे काम करायचे ठरले असेल तर दस्ता घडवतानाच कारागीर त्या जागी साधारण एक बत्तिसांश ते एक षोडशांश इंच जास्तीचे लाकूड ठेवतो आणि मग आजूबाजूची जमीन खाली उतरवतो. म्हणून खऱ्या कामात नक्षी दस्त्याच्या पृष्ठभागापेक्षा वर असते आणि जमीन आजूबाजूच्या आकाराशी सलग वाहते. नंतर कोरलेल्या कामात जास्तीचे लाकूड नसते, म्हणून नक्षीचा माथा मूळ पृष्ठभागाइतकाच असतो आणि तिच्याभोवती खळगा पडतो. लवचिक पोलादी पट्टी दस्त्यावर आडवी ठेवली की खळगा लगेच कळतो. शिवाय खऱ्या कामात वरचे माथे हाताने घासून गुळगुळीत झालेले असतात आणि कोपऱ्यांत तेल-धुळीचा थर कडक झालेला असतो. नव्या कामात रंग माथ्यावर आणि खोलात एकसारखा असतो, किंवा खोलात काळा रंग भरलेला असतो जो अल्कोहोलच्या बोळ्याने सुटतो. ही चाचणी दस्त्याच्या मूळ व्हार्निशवर कधीही करू नका.

पितळेवरची कोरणी स्वतंत्रपणे तपासावी, कारण ती दुसऱ्याच्या हातची असू शकते. काही कारागीर उत्तम सुतार होते आणि कोरणीला मध्यम, काहींचे उलटे. किनारीची नागमोडी रेषा छिन्नी डावी-उजवी झुलवत पुढे नेऊन होते. तिच्या पावलांची लांबी हाताप्रमाणे बदलते. रेषा सुरू कुठे झाली, सुटली कुठे, वळणावर छिन्नी घसरली तर ती चूक कशी झाकली, पक्ष्याचा डोळा कसा काढला, हे सगळे मोठ्या फोटोत दिसते.

यानंतर काय बदलले आहे ते शोधायचे. हे न करता कारागिराचे नाव काढणे म्हणजे दुसऱ्याच्या दुरुस्तीवरून निष्कर्ष काढणे होय. चकमकीच्या बहुतेक बंदुका १८३० नंतर टोपीच्या केल्या गेल्या आणि त्यातल्या अनेक विसाव्या शतकात परत चकमकीच्या केल्या. लॉक काढून पट्टीच्या आत बघा. बुजवलेली जास्तीची भोके, कानाच्या जागी नळीत आटे पाडून घातलेली पुळी (धातूचे छोटे भोकाचे बूच), रंजकाच्या वाटीची, म्हणजे पेटवण्याची दारू ठेवायच्या खोलगट भागाची, कड आणि नळी यांच्यात फट, या खुणा परत फिरवल्याच्या. लॉक बसायचे लाकडातले घर त्याच लॉकसाठी कोरलेले असते. घरात एखाद्या भागाला जागा आहे पण लॉकवर तो भागच नाही, तर लॉक बदललेले आहे आणि ‘केटलंड’ या नावालाही मग काही अर्थ उरत नाही. खऱ्या चकमकीच्या बंदुकीत वाटीच्या मागचे लाकूड ठिणग्यांनी काळवंडून झिजलेले असते.

नळीही कापलेली असू शकते. तोंडाशी फुगवटा नाही, पण मध्ये बारीक होते, तर पुढून काही इंच गेले आहेत. बुडाकडून कापून मागे सरकवली असेल तर नळी दस्त्यात धरून ठेवणाऱ्या खालच्या खिळ्यांची भोके लाकडात दुहेरी दिसतात आणि नळकांड्यांची अंतरे बेताल होतात. पुढचा दांडा तुटून नवा जोडणे फार सर्रास होते. जोड बहुधा नळकांडीखाली किंवा पितळी पट्टीखाली लपवलेला असतो. तिथे पट्ट्यांची ओळ तुटते का ते बघा. मॅपलचे खरे पट्टे बंदूक फिरवली की उजेड-अंधाराची जागा बदलतात, कारण ते लाकडाच्या लाटेतून येतात. रंगवलेले किंवा जाळून काढलेले पट्टे कोणत्याही कोनातून जागचे हलत नाहीत. लाकडात घातलेले टोकदार स्क्रू १८४६ नंतरचे, यंत्राचे. त्याआधीचे स्क्रू बोथट टोकाचे, डोक्याची खाच थोडी बाजूला गेलेली आणि आटे असमान असतात.

नळी काढून खाली बघावे का? माहिती तिथे भरपूर आहे: नळी बनवणाऱ्याचे ठसे, डोव्हटेल खाचेत बसवलेल्या कड्यांचा आकार, नळीच्या घराचा तळ पैलूदार आहे की गोल, गजाची खाच नळीच्या घरात उघडी पडली आहे का. पण दांड्याचे लाकूड तिथे काही ठिकाणी पुठ्ठ्याइतके पातळ असते. टँगचा स्क्रू आधी काढायचा. मग खिळीपेक्षा किंचित बारीक, सपाट टोकाच्या पोगराने (खिळी ठोकून बाहेर काढायच्या पोलादी दांडीने) हलके ठोके द्यायचे, आणि प्रत्येक खिळी कोणत्या बाजूने कोणत्या भोकातून निघाली हे लिहून तशीच परत घालायची. खिळी दोन-तीन ठोक्यांत हलली नाही तर थांबायचे. गंजलेली खिळी जबरदस्तीने काढताना दांड्याचा कपचा उडतो आणि तो दोनशे वर्षांचा कपचा परत मिळत नाही.

एवढी नोंद झाल्यावर तुलना. तुलना फक्त सही असलेल्या आणि छेडछाड न झालेल्या बंदुकांशी करायची. तुलनेचे पहिले खुंटे, म्हणजे पक्के आधार, तेच. क्रिश्चन्स स्प्रिंगसाठी क्रिश्चन ओर्टरच्या सही आणि साल असलेल्या रायफली आहेत. त्यातली १७७५ ची एक १९७१ मध्ये व्हॅली फोर्जमधून चोरीला गेली होती आणि सुमारे अर्धशतकाने परत मिळाली. रीडिंगसाठी जॉन श्राइटची १७६१ ची, साल घातलेल्या सर्वांत जुन्या अमेरिकन रायफलींपैकी एक. लेबननसाठी जे. पी. बेक, लँकेस्टरसाठी डिकर्ट. याउलट रीडिंगच्या वुल्फगांग हागाचे नाव कितीतरी सुंदर बंदुकांना लावले गेले आहे, पण त्या नावाला खुंटा म्हणावी अशी सहीची बंदूकच नाही. म्हणून ‘हागा’ म्हणजे एक शैली एवढेच समजावे.

तुलना करताना साम्ये मोजत बसू नका, फरक शोधा. साम्य उस्तादाकडून, शेजाऱ्याकडून, गिऱ्हाइकाच्या मागणीवरूनही येते. नक्षी एकाची, खटका दुसऱ्याच्या पद्धतीचा, गार्डचा फर्मा तिसऱ्याचा असे दिसले तर बहुधा तुम्ही शिकाऊपणा पूर्ण करून नव्या गावी गेलेल्या कारागिराकडे बघत आहात. असे लोक लँकेस्टर-यॉर्ककडून मेरीलँड, व्हर्जिनियाचे शेनान्डोआ खोरे आणि पुढे कॅरोलायनापर्यंत गेले. आधी त्यांच्या हातात जुन्या गावाचे वळण राहिले आणि काही वर्षांनी नव्या गावाचे आले. त्यामुळे एकाच माणसाच्या तरुणपणीच्या आणि उतारवयातल्या बंदुका दोन घराण्यांच्या वाटू शकतात. कोरणीची पावले आणि डबीचा तळ मात्र तसेच राहतात, म्हणून मी त्यांना जास्त वजन देतो.

निष्कर्ष लिहितानाही पायऱ्या पाळा. ‘अमुकने केली’ असे सही किंवा अभंग कागदपत्रे असतील तरच. ‘अमुकची मानली जाते’ असे म्हणायला आतल्या निदान तीन सवयी त्याच्या सहीच्या बंदुकीशी जुळायला हव्यात आणि न जुळणारी एकही ठळक गोष्ट नको. ‘अमुकच्या घराण्याची’ असे आकृती, गार्ड आणि नक्षीचे वळण जुळले की म्हणता येते. त्याखाली नुसता परगणा. लिलावाच्या चिठ्ठीवर या पायऱ्यांतली एक-दोन वर चढवलेली असतात, म्हणून चिठ्ठीवरचे नाव पुरावा म्हणून धरू नका, तर तपासायचा मुद्दा म्हणून धरा.

तुमच्या बंदुकीबद्दल यापुढे काही सांगायचे तर हे फोटो लागतील: दोन्ही बाजूंची पूर्ण आकृती, वरून मनगट आणि टँग, खालून गार्ड, तिरप्या उजेडात गालपट्टीमागची नक्षी, लॉकच्या दोन्ही बाजू आणि लॉकचे रिकामे घर, बुडाशी नळीचा डावा पैलू, तोंड समोरून, आणि पॅचबॉक्स उघडून आतला खटका व तळ. प्रत्येकात इंचाची पट्टी ठेवा. पितळ चमकवू नका, लाकडाला जवसाचे तेल लावू नका, गंज सँडपेपरने घासू नका. पितळेवरचा तपकिरी थर आणि कोपऱ्यांतला मळ गेला की जुने आणि नवे वेगळे करायचे निम्मे साधन हातातून जाते. पट्टी लावून लँकेस्टरचा सरळ त्रिकोण निघाला आणि टोकाला डेझी असली, तर पहिल्यांदा डिकर्टच्या नव्हे, तर त्याच्या भोवतालच्या लँकेस्टरकरांच्या बंदुकांशी खटका जुळवून बघू.